बाकी सोडण्याचे धैर्य



ख्रिस्ती क्षमा हा विषय बीडमध्ये कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. इथल्या मनाची घडण मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईने, परळीच्या वैजनाथाने आणि भगवानगडाच्या कीर्तनांनी केली आहे. तरीही विषय मी जाणीवपूर्वक निवडला आहे. क्षमेबद्दल येशूने सांगितलेली सर्वांत कठोर गोष्ट मंदिराची नाही, युद्धाची नाही. ती उसनवारीची, वसुलीची आणि बायकापोरांसह बांधल्या गेलेल्या एका माणसाची आहे. ती गोष्ट समजायला बीड जिल्ह्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. माझे म्हणणे थोडक्यात असे : क्षमा ही मनातल्या मनात राग विझवण्याची क्रिया नव्हे. ज्याच्या हातात दुसऱ्याची बाकी आहे त्याने ती सोडणे, त्याची झळ स्वतः सोसणे आणि समोरच्याला पुन्हा उभे राहता येईल अशी सोय करणे, या तिन्ही गोष्टी मिळून क्षमा होते. यातली एक जरी वगळली तरी उरते ती केवळ सद्भावना.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात ही गोष्ट येते. एका राजाने आपल्या चाकरांचा हिशेब घ्यायला सुरुवात केली. एका चाकराकडे दहा हजार तालांत येणे निघाले. ते फेडणे त्याला शक्य नव्हते, म्हणून त्याला, त्याच्या बायकोला, मुलांना आणि घरात असेल-नसेल ते सगळे विकून वसुली करावी, असा हुकूम झाला. चाकराने पाय धरले, मुदत मागितली. राजाला दया आली आणि त्याने मुदत न देता सगळे कर्जच सोडून दिले. तो चाकर बाहेर पडला तोच त्याला त्याचा एक सोबती भेटला. त्याच्याकडे याचे शंभर दिनार येणे होते. याने त्याची मानगूट धरली. सोबत्याने तशीच गयावया केली, तशीच मुदत मागितली. पण याने त्याला तुरुंगात टाकले. हे राजाच्या कानावर गेल्यावर पहिल्या चाकराची माफी रद्द झाली. आता यातले आकडे पाहा. दिनार म्हणजे त्या काळची साधारण एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. पहिल्याचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. ते सात जन्मांत फिटणार नव्हते. दुसऱ्याचे कर्ज शंभर दिवसांच्या मजुरीचे होते. एका कर्जाच्या मानाने दुसरे सहा लाखांत एक. पण शंभर दिवसांची मजुरी ही रक्कम क्षुल्लकही नव्हे, हे या जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. ती एका हंगामाची उचल आहे.

उचल म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली रक्कम. ती कशी चालते ते इथे बहुतेकांना ठाऊक आहे, तरी छापील व्याख्यान बाहेरचेही वाचतील म्हणून मांडतो. पावसाळा सरत आला की बीड, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर तोडीला मजूर नेणारे मुकादम फिरू लागतात. साखर कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून घेतलेल्या पैशातून मुकादम कोयत्याला उचल देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, उसाच्या फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि पुढचे चार-पाच महिने जी तोड होईल तिच्या मजुरीतून उचल वळती होत जाते. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि तो टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. लाखाची उचल घेतलेल्या जोडीचा हिशेब या नव्या दराने करू. लाख रुपये फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा, सोलावा, मोळ्या बांधाव्या आणि गाडीत भरावा लागतो. जोडीने रोज दोन टन तोडले तरी १३७ दिवस लागतात, आणि तेही एकही दिवस न चुकता. रोज दोन टन साधतीलच असे नाही. मधल्या काळात किराण्याला, औषधाला मुकादमाकडून खर्ची घ्यावी लागते, ती वहीत चढते. आजारपणात दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर खाड्याचा दंड बसतो. हंगाम संपता संपता मुकादम वही काढतो. फिटले तर फिटले. नाही फिटले तर वहीच्या शेवटच्या ओळीला बाकी लिहिली जाते आणि तो कोयता पुढच्या हंगामात त्याच मुकादमाला बांधला जातो.

या बाकीची किंमत केवळ रुपयांत होत नाही. जून २०१९मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्याच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा शस्त्रक्रियेमागे अनेक कारणे असतात : फडावर पाणी आणि शौचालय नाही, मासिक पाळीत विश्रांती नाही, स्त्रीरोगावर वेळेवर उपचार नाहीत, आणि पिशवी काढून टाका असा सोपा सल्ला देणारे दवाखाने आहेत. पण या सगळ्यांच्या मुळाशी खाड्याची भीती आहे. जिचे शरीर सुट्टी मागते आणि जिच्या डोक्यावरची बाकी सुट्टी देत नाही, ती बाई शरीरातला अवयवच काढून टाकायला तयार होते. गोष्टीतल्या राजाचा पहिला हुकूम आठवा : माणूस, त्याची बायको, त्याची मुले आणि सगळी मालमत्ता. उचल नवऱ्याच्या नावावर घेतली जाते, पण बांधली जाते ती जोडी, आणि कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत शाळा बुडवणारी थोरली मुलगीही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीत कुटुंबाची यादी आहे, कारण वसुली तेव्हाही कुटुंबाची होत होती आणि आजही होते.

बाकी सोडण्याची कल्पना परकी आहे, असे मात्र कुणी समजू नये. तुकोबांबद्दल परंपरा सांगते की १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी घराण्याच्या सावकारीची खतपत्रे काढली, अर्धी भावाच्या, कान्होबाच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत बुडवली. या कथेतला बारकावा फार मोलाचा आहे. तुकोबांनी भावाचा वाटा बुडवला नाही. जे येणे आपले होते तेच सोडले. दुसऱ्याच्या हक्कावर उदार झाले नाहीत. क्षमा कुणाला करता येते, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मिळणार नाही : ज्याचे नुकसान व्हायचे आहे, त्याला. आता याच खतपत्रांचे दुसरे चित्र पाहा. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, आणि ते लोण पाहता पाहता शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जसंरक्षणाचा कायदा करावा लागला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा इथे पोचला नाही. एकीकडे धनकोने स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलेले कागद, दुसरीकडे ऋणकोने बळाने आगीत टाकलेले कागद. कागद दोन्हीकडे नाहीसेच झाले. पण पहिल्यातून संत जन्मला आणि दुसऱ्यातून खटले. ज्या समाजात बाकी सोडण्याची रीत उरत नाही, तिथे ती जाळण्याची वेळ येते.

यहुदी धर्मशास्त्रात ही रीत नियम म्हणून सांगितली होती, आणि येशूची शिकवण त्याच मातीत वाढली. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी ऋण सोडण्याची आज्ञा आहे. कर्जापायी चाकर झालेला माणूस सहा वर्षांनी मोकळा करावा, आणि मोकळा करताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. आपल्या कळपातले, खळ्यातले आणि द्राक्षकुंडातले त्याला सढळ हाताने द्यावे, असेही तिथे सांगितले आहे. माझ्या मते क्षमेच्या सगळ्या चर्चेत हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत शहाणा नियम आहे. दोर कापला म्हणजे माणूस मोकळा झाला, असे होत नाही. ज्याच्याकडे बियाणे नाही, जनावर नाही, पुढच्या महिन्याचे धान्य नाही, तो मोकळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नवी उचल घेतो. म्हणून नव्या सुरुवातीचे भांडवल हा क्षमेचाच भाग धरला गेला. प्रेषित पौलाच्या एका छोट्या पत्रात याचीच दुसरी बाजू दिसते. फिलेमोन नावाच्या धनवान ख्रिस्ती गृहस्थाचा दास अनेसिम त्याच्यापासून दूर जाऊन पौलाकडे पोचला होता. त्याला परत पाठवताना पौल लिहितो की याला आता दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून जवळ घे. आणि याने तुझे काही नुकसान केले असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी भरीन. ते वचन त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात दिले. क्षमेचा खर्च कुणाला तरी उचलावा लागतो, हे पौलाने झाकून ठेवले नाही. आणि लूकच्या शुभवर्तमानात जक्कय हा जकातदार येशूला घरी घेतल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवतो. सोडणाऱ्याने बाकी सोडावी, लुबाडणाऱ्याने भरपाई करावी आणि सुटणाऱ्याला उभे राहण्याचे बळ मिळावे. पत्र, गोष्ट आणि नियम एकत्र वाचले की क्षमेचा हा पूर्ण आकार दिसतो.

हा आकार प्रत्यक्षात उतरवणारी मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळच्या फुलहॅम इथे ख्रिस्ती भगिनींनी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रिया तिथे सन्मानाने राहत, काम शिकत आणि पुढे स्वतःच इतर स्त्रियांची सेवा करत. ज्यांना आपल्याकडे दारातही उभे केले जात नव्हते त्यांच्यावर इतकी माया कशी, याचे उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशूची आणि शोमरोनी स्त्रीची भेट सांगितली गेली. रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्यांना क्षमा आधी दिसली ती एका चालत्या संस्थेत. सिद्धांत नंतर आला. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले तेव्हा १८९६-९७च्या आणि नंतरच्या दुष्काळांतून आणलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना तिथे अन्न, निवारा, शिक्षण आणि शेती, विणकाम, छपाई अशी कामे मिळाली. ज्यांच्या चारित्र्यावर समाजाने शिक्का मारला होता त्यांच्यासाठी त्याच आवारात कृपासदन होते. मागचे सगळे विसरलो असे म्हणणे सोपे असते. मागचे जिच्या अंगावर आहे तिला उद्या सकाळी कोणते काम, कोणते घर, कोणती सोबत मिळेल, याचे उत्तर देणे अवघड असते. रमाबाईंनी ते अवघड काम केले.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की क्षमेचा उपदेश नेहमी दुबळ्यांच्याच माथी मारला जातो. ज्याचे घर उजाडले त्याला शांत राहा म्हणायचे आणि ज्याने उजाडले त्याला मोकळे सोडायचे, असेच क्षमेच्या नावाने चालत आले, हा आक्षेप बीडमध्ये आज फार जिव्हारी लागतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. तो खटला न्यायालयापुढे आहे, त्यातल्या आरोपांवर इथे काही बोलणे योग्य नाही. पण अशा कुटुंबाला व्यासपीठावरून क्षमा करा असे सांगण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. तुकोबांच्या कथेने हीच मर्यादा घालून दिली आहे. जे येणे आपले नाही ते आपण सोडू शकत नाही. आणि येशूच्या गोष्टीतली आज्ञा कुणाला आहे तेही पाहावे. मानगूट पकडणाऱ्याला आहे. पकडल्या गेलेल्याला नाही.

क्षमा केली म्हणजे शिक्षा माफ झाली, असेही नाही. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर इथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले. पण गुन्ह्याचे परिणाम आणि क्षमा यांची गल्लत करू नये, अशीही त्यांची भूमिका राहिली. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये कायम केली. दरम्यान ग्लॅडिसबाई बारिपद्याचे कुष्ठरुग्णांचे काम सोडून लगेच मायदेशी गेल्या नाहीत. त्यांनी ते चालू ठेवले आणि तिथे रुग्णालयही उभे राहिले. त्यांनी सूडाचा हक्क सोडला, सत्याचा सोडला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि सलोखा आयोगाने हाच धडा उलट्या बाजूने दिला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६पासून जाहीर सुनावण्या झाल्या. ज्यांनी वर्णभेदी राजवटीच्या काळात राजकीय हेतूने केलेले अत्याचार पूर्णपणे कबूल केले त्यांना माफी मिळू शकत होती. सत्य उघड झाले, ही त्याची थोर कामगिरी. पण पीडितांना द्यायची भरपाई रेंगाळली आणि २००३मध्ये अखेर ३०,००० रँडची एकरकमी मदत ठरली, ती आयोगाच्या शिफारशीहून कितीतरी कमी होती. माफी लवकर मिळाली, भरपाई उशिरा आणि अपुरी, ही तिथल्या पीडितांची तक्रार आजही खरी आहे. क्षमेचे तीन भाग तोडून एकच वापरला तर काय होते, ते यात दिसते. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली अशा फुकटच्या कृपेविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि हिटलरच्या राजवटीने १९४५मध्ये त्यांना फाशी दिले. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई वगळून दिलेली माफी ख्रिस्ती विचारातही खोटीच ठरते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बाकी सोडत गेलो तर फेडणार कोण आणि देणार कोण? मुकादमांचे दुखणेही खरे आहे. उचल घेऊन टोळी दुसऱ्याच कारखान्यावर गेली, कारखान्याचा करार मात्र मुकादमाच्या गळ्यात, आणि मग त्याची जमीन, ट्रॅक्टर विकायची वेळ, असे प्रकार दर हंगामात घडतात. मुकादमही पुष्कळदा एके काळचा कोयताच असतो. तोही कुणाचा तरी देणेकरी आहे, जसा गोष्टीतला पहिला चाकर होता. पण हा आक्षेप नवा नाही. अनुवादाच्या त्याच अध्यायात ताकीद आहे की सोडणुकीचे सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने द्यायला हात आखडू नको. पुढे लोक हात आखडू लागलेच, तेव्हा हिल्लेल या थोर धर्मपंडिताने कर्जाचे हक्क न्यायालयाकडे सोपवण्याची एक कायदेशीर वाट काढली, म्हणजे गरिबांना कर्ज मिळत राहावे. यातून निष्कर्ष असा निघतो की केवळ माफी जाहीर करून भागत नाही. ज्या व्यवस्थेतून कर्ज पुन्हा पुन्हा उगवते ती बदलावी लागते. कोयत्याला उचल का लागते? पावसाळ्याच्या महिन्यांत गावात काम नसते, आजारपणाला आणि लग्नाला पैसा नसतो, बँक दारात उभे करत नाही, आणि मजुरी आठवड्याला हातात न पडता हंगामाच्या शेवटी वहीत वळती होते. फसवणूक थांबवायची असेल तर कारखान्याने कामगारांची नोंद आपल्याकडे ठेवावी, करार लेखी करावा, मजुरी थेट खात्यावर द्यावी. यात मुकादमाचेही संरक्षण आहे. आणि ऋणमोचनाने लोक आळशी होतात, हा समज अनुभवाला उतरत नाही. नव्वदच्या दशकात चर्चच्या पुढाकाराने गरीब देशांच्या कर्जमाफीची जगभर मोहीम झाली. तिच्या दबावाखाली मिळालेल्या सवलतीच्या काळात टांझानियाने २००१मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि लाखो मुले शाळेत आली. सोडलेला पैसा कुठे जातो, ते पाहण्याची व्यवस्था असली की माफी फुकट जात नाही.

तिसरा आक्षेप असा की दया ही अंतःकरणाची गोष्ट, तिचा कायदा करता येत नाही. अंतःकरणाचा कायदा करता येत नाही हे खरे. पण हातातला दोर सोडायला लावणारा कायदा करता येतो, आणि तो या देशाने केला आहे. हैदराबाद संस्थानात कर्जापायी बांधल्या जाणाऱ्या भगेला मजुरांसाठी १९३६मध्येच नियम झाला होता, म्हणजे निजामाच्या राज्यातही ही गोष्ट चूक मानली गेली होती. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम ६ने वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली. वारशाने आलेल्या बंधनालाही कायद्याने वेठबिगारीतच धरले आहे. म्हणून नवरा गेला तर त्याची बाकी बायकोच्या माथी मारून तिला तोडीला नेणे बेकायदा आहे. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्तीचे श्रम दिसले तर त्यामागे आगाऊ रक्कम आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे मालकाने सिद्ध करावे. २०१६च्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत तीन लाखांपर्यंत पुनर्वसनाची रक्कम ठरली. सुटणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, हे तत्त्व आज भारत सरकारच्या योजनेत आहे. मात्र त्यासाठी जिल्हा प्रशासनाने आधी ही वेठबिगारी आहे असे लेखी म्हणावे लागते. जिल्हा आणि उपविभाग पातळीवरच्या दक्षता समित्या याच कामासाठी आहेत.

इथे कर्जमाफीचाही विचार करायला हवा. २००८ची केंद्राची, २०१७ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची आणि २०१९ची महात्मा फुल्यांच्या नावाची, अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या गेल्या पिढीत झाल्या. शेतकऱ्याला त्या हव्याच होत्या. पण त्या बँकेच्या आणि सोसायटीच्या शेतीकर्जाच्या होत्या. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याचे कर्ज मुकादमाच्या वहीत आहे, तो कोणत्याच यादीत बसला नाही. सरकारने सोडलेले कर्ज मोठे होते आणि ते योग्यच होते. पण त्या माफीचा लाभ घेतलेल्या घरांतूनही कुणाच्या तरी उचलीची वसुली त्याच कडकपणाने चालू राहिली असेल, तर मत्तयाच्या गोष्टीतला चाकर आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. त्याचा अपराध पैशाचा नव्हता. आपल्याला मिळालेली सूट त्याने स्वतःपुरतीच ठेवली, हा त्याचा अपराध. थकलेल्या कर्जांची पुनर्रचना करून घेणारे कारखाने, व्याजात सवलत मिळवणाऱ्या सहकारी संस्था, कर माफ करून घेणारे आपण सगळेच कधी ना कधी राजासमोर उभे राहिलो आहोत.

म्हणून आजच्या दिवशी माझी विनंती बाकी ज्यांच्या हातात आहे त्यांना आहे. कारखान्याच्या संचालकांनी येत्या हंगामापासून कोयत्याचा करार लेखी करावा, मजुरी स्त्री आणि पुरुष दोघांच्या स्वतंत्र खात्यांवर द्यावी आणि आजारपणाचा खाडा बंद करावा. मुकादम बंधूंनी हंगामाचा हिशेब दोघांसमोर मोठ्याने वाचून, त्याची नक्कल त्यांच्या हातात द्यावी. ज्यांचा कर्ता गेला आणि ज्या बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांची बाकी रेघ मारून संपवावी. वेठबिगारीतली बाकी वसूल करण्याचा हक्क कायद्याने मुळात नाहीच. जिल्हाधिकाऱ्यांनी दक्षता समित्यांच्या बैठका हंगामापूर्वी आणि हंगामानंतर घ्याव्यात. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने आणि संत भगवानबाबांच्या नावाच्या वसतिगृहांनी मुले गावात, शाळेत राहतील याची हमी द्यावी, कारण नव्या सुरुवातीचा पहिला हप्ता तोच आहे. मराठवाड्यातल्या आणि नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळींनी रमाबाईंचा वारसा सांगताना फडावरच्या कोप्यांपर्यंत जावे. तिथे दवाखाना आणि पाळणाघर चालवणे ही प्रार्थनाच आहे. आणि बीडच्या तरुणांनी आपल्या गावातल्या वह्यांतली बाकी कुणाची, किती वर्षांची आणि कशापायी राहिली, याची नोंद करावी. कायदा १९७६पासून उभा आहे आणि शिकवण त्याहून कितीतरी जुनी आहे. आता वही ज्याच्या हातात आहे त्याने येणारा हंगाम सुरू होण्याआधी ती उघडावी आणि निदान एका कोयत्याची बाकी सोडावी, एवढेच माझे मागणे आहे.